गरम खत

गच्चीवरच्या ड्रमचं झाकण उघडलं आणि कुजलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा, शेणाचा ओलसर वास नाकात शिरला. त्यासरशी मी कळमेश्वरला, आमच्या घरामागच्या परसात जाऊन उभी राहिले.

त्या सकाळी मला नोकरीसाठी पुण्याला निघायचं होतं. बॅग दारात, बसची वेळ झालेली, आणि माय कोपरापर्यंत हात खताच्या ढिगात घालून बसलेली. गरम खतात मेथी पेरली तर कोंब जळतात, म्हणून ढीग निवेपर्यंत ती वाफ्यांना हात लावत नसे.

"अजून गरम हाये," ती म्हणाली. "काहून घाई करून राहिली वं? उद्या वाफे भरून दे, मंग जाय."

मी चिडून हात घातला. खत गार होतं. मायच्या हाताला आता कळेनासं झालंय, असं वाटलं आणि मी बस गाठायला पळाले.

आज सकाळपासून माझाच पाय एका जागी ठरत नाही. खाली लेक बंगलोरला जायची बॅग भरतेय.

"आई, झालं काय खत? मेथी पेरूनच निघते मी," ती जिन्यातून ओरडली.

मी ड्रममध्ये हात घातला. खत गार होतं.

"अजून गरम हाये वं," मी म्हणाले.