मेण लावलेली बाटली

चंद्रपूरला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या भाऊंसारखा माणूस मुंबईलाही मिळाला नसता. दोन रेणू अमाइड बंधाने जोडायला आम्ही सगळे एकच ठरलेला रिएजंट, म्हणजे ती अभिक्रिया घडवणारं रसायन, वापरायचो. त्याच कामाचा दुसरा एक रिएजंट होता, पण तो दमट हवेत मरतो, निकामी होतो, म्हणून त्याची बाटली सहा वर्षं कुणी उघडलीच नाही. भाऊ मात्र दर पावसाळ्याआधी अहेरीकडचं रानमेण वितळवून तिच्या बुचावर थर चढवायचे.

एकदा नेहमीचा रिएजंट संपला. भाऊंनी ती बाटली पुढे केली.

“खराब झाला असेल, भाऊ.”

“काऊन होईन, सर? घरी मोहफुलं कोरडी ठेवतो, तसंच ठेवलं त्याले.”

चिमूटभर भुकटी आम्लात पडली आणि फसफसली. मेलेला रिएजंट असा वायू सोडत नाही; हा जिवंत होता! पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी वळूनही पाहिलं नाही. ते बुचावर नवं मेण लावत होते.