बसून राहिलेली लेक

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ब्रेकबाई म्हणायचे. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि रस्ता रिकामा असला तरी बाईंचा पाय त्यावरून हलत नसे. घरीही तीच तऱ्हा. लेक चौदा वर्षांची झाली, तरी तिच्या मैत्रिणी, मोबाइल, संध्याकाळची प्रार्थना, सगळ्यावर बाईंचा पाय तयारच. नवरा बापडा मागच्या सीटवर बसल्यासारखा गप्प असायचा.

रविवारी मिस्सेची उपासना संपली की बाई चर्चमागच्या खोलीत मुलांना दृढीकरणासाठी तयार करायच्या. बाप्तिस्म्याला तान्ह्या बाळाच्या वतीने आईबाप बोलतात. दृढीकरणात मात्र बिशपांसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्याच तोंडाने कबूल करायचा असतो. या बाबतीत बाई भलत्याच कडक. बिशप यायला आठवडा उरला, तेव्हा त्यांनी रंगीत तालीम घेतली. बिशपांचा दंड म्हणून लांब दांड्याची छत्री हातात धरून त्या स्टुलावर चढल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. मुलं जांभया आवरत "हो, आहे विश्वास" म्हणत होती. बाई भडकल्या.

"हजेरी देताय का रे? ज्याला मनापासून हो म्हणायचं नसेल, त्याने खुशाल खाली बसावं!"

असं म्हणताना कोणी बसणार नाही, हे धरूनच चाललेलं असतं. पण मधल्या रांगेतली एक मुलगी शांतपणे बसली, आणि ती नेमकी बाईंचीच होती. स्टुलावर उभ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी आल्या आल्या त्यांनी लेकीला धारेवर धरलं. "माझं नाक कापलंस! मावशी गॉडमदर म्हणून तुझ्यामागे उभी राहायला येणार, नवा ड्रेस शिवून आलाय, आणि तू बसतेस?"

"मम्मी, मी चर्चला येईन, प्रार्थनाही करीन. पण ते 'हो' अजून आतून येत नाही गं."

"मग आता नुसतं म्हणून टाक. आतून येईल मागाहून."

"म्हणजे वेदीसमोर खोटं बोलू?"

खोटं बोलू नये, हे बाईंनीच तर तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

दोन दिवस धुसफुशीत गेले. शेवटी त्या फादरांकडे गेल्या, म्हणाल्या, जरा तुम्हीच समजवा तिला. फादर हसले. "बिशप पुढच्या वर्षीही येतील. त्यांना घाई नाही, मला नाही. तुम्हाला कसली आहे?"

घाई होती ती लोक काय म्हणतील म्हणून. हे स्वतःशी कबूल करताना बाईंना लाज वाटली. घरी येऊन त्यांनी ड्रेस कपाटात ठेवला आणि बहिणीला फोन केला, "यंदा नको येऊस गं."

बिशप आले त्या दिवशी बाईंची खुर्ची मानाची, अगदी पुढे. वर्गातली मुलं आपापल्या गॉडपेरेंट्सबरोबर रांगेत. नवरा गाणाऱ्यांत. लेक मात्र रोजच्या निळ्या कपड्यांत मागच्या बाकावर एकटी. बिशपांनी प्रश्न विचारला, मुलं उठली. बाईंनी वळून पाहिलं. माना वळत होत्या, कुजबुज चालली होती. पण लेक ताठ बसून एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. बाई उठल्या, सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने चालत गेल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मम्मी, पुढे जा ना. सगळे बघताहेत."

"बघू देत."

पुढच्या बाकावरच्या काकू वळल्याच. "काय हो, वर्ग तुमचा, आणि तुमचीच मुलगी मागे?"

"हो, माझीच," बाई म्हणाल्या, चर्चमध्ये बोलतात त्याहून बऱ्याच मोठ्याने. "इतकी वर्षं शिकवतेय, माझं बोलणं मनावर घेणारी ही एक तरी निघाली!"