गाडीनंतरचं पाणी

डांबराचा वास आला, की गोंदियाजवळचं आमचं धानाचं शेत आठवतं. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं, मी नवी सून. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या रुळांखालचे सडके लाकडी स्लीपर काढून रेल्वेच्या माणसांनी डांबरात मुरलेले नवे बसवले, खिळे ठोकले, गिट्टी कुटून भरली. उन्हाने सारे घामाघूम झालेले. मी घागर पुढे केली, तर कोणी हात लावेना. “पानी काऊन नाही पिऊन राहिले जी?” “आमच्या कामावरून गाडी जाऊ दे बाई, मंग पिऊ,” मुकादम म्हणाला. आमच्या गावाचं वर्षाचं पीक लादलेली मालगाडी आली, धडधडत सुखरूप पार झाली, आणि मगच त्यांनी ओंजळी पुढे केल्या. आता तिथे सिमेंटचे स्लीपर आहेत. पण दूर गाडी वाजली, की ती जाईपर्यंत माझा पेला हातातच राहतो.