श्रीपती बसला तो उठेना

श्रीपतीचा उजवा गुडघा गावाने खाल्ला होता. पाटलाची मेलेली म्हैस ओढताना तो तिच्यासकट ओघळीत कोसळला, तेव्हापासून मांडी घातली की जीव कळवळायचा. बदल्यात मिळालं काय, तर त्याच म्हशीचं मांस आणि वर शिव्या.

छप्पन साली श्रीपतीच्या पवनेकाठच्या वस्तीने धम्म घेतला. घरचे देव नदीत सोडले आणि ढोरं ओढणं बंद केलं. तळेगावहून येणारे भंतेजी ध्यान शिकवायचे. "दुखतंय तिथं मन ठेवा. चिडू नका, नुसतं बघा." श्रीपती दातओठ खात बघायचा. गुडघा बघितला की म्हैस दिसायची आणि म्हैस दिसली की पाटील. डोकं भणभणायचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच बाजीराव पाटलाचा बैल नेमका वस्तीच्या वाटेवर मेला. "सडू द्या," पाटील म्हणाला. "वास सुटला की येतील आपसूक."

वास सुटला. पोरं ओकायला लागली. श्रीपतीची बायको शकुबाई स्वतःच दोर घेऊन आली. "अवो, एकडाव वढा आन् सुटा. लेकरं मरत्याल."

"आज वढला तर नातवाला बी वढावा लागंल!" श्रीपती खेकसला. पण वस्तीतले दोन गडीही कमरा कसत होते, हे त्याने पाहिलं. तो तडक निघाला आणि बैलाशेजारी मांडी घालून बसला.

पाटील खूश होऊन आला. "आलास का ताळ्यावर, शिरप्या? बांध दोर."

"दोर न्हाई आनला. ध्यानाला बसलोय."

"मढ्यापाशी?"

"दुखतंय तितं बसावं म्हनत्यात. माजं हितंच दुखतंय. बैल तुमचा, तुमी वढा."

माशा तोंडावर बसत होत्या, गुडघ्यात कळा येत होत्या. बघितला की राग विरतो म्हणे. श्रीपतीचा तसूभर विरला नाही, आणि विरला नाही तेच बरं झालं. कमरा कसून आलेले गडी त्याला बघून गुमान शेजारी बसले. शकुबाईही पदर नाकाला लावून बसली.

दिवस कलला तसा वास गावातही शिरला आणि पाटलाचा धीर सुटला. त्याच्या दोन्ही लेकांनी बैल ओढून नेला, वाटेत ओकत. वस्तीतलं कुणी हललं नाही.

मग सगळे उठले, श्रीपती उठेना. गुडघा आखडला होता. शकुबाई दोर हातात घेऊन नुसती उभी.

त्याने दोराचं टोक पकडलं आणि ओरडला, "बगतीस काय? आता वढ की!"