सायकलच्या पट्टीवरची मोटार

सायकलची घंटी वाजली की काकासाहेब पेपरमधून मान वर न काढता उजव्या हाताची दोन बोटं टोपीला लावायचे आणि म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या."

घंटी वाजवणारा चिडून वाजवत असे. संध्याकाळी मिल सुटली की सायकलींचा लोंढा आमच्या रस्त्याने यायचा, आणि काकासाहेब त्या लोंढ्याच्या बरोब्बर वाटेत, आपल्या बंद मोटारीत, स्टिअरिंगमागे बसून पेपर वाचत असायचे. घंटीच्या मागोमाग शिवी आली तरी बोटं टोपीलाच. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला शिवी आणि सलाम यांतला फरक ऐकू येत नाही. निदान आपल्याला तसं वाटतं.

मध्यभारतातली गोष्ट आहे. संस्थान जाऊन फार दिवस झाले नव्हते. काकासाहेब दरबारच्या मोटारखान्यावर अंमलदार होते. मोटारखाना गेला, हुद्दा गेला, एक जुनी मोटार तेवढी त्यांच्याकडे आली. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात मोटार ठेवणार कुठे? ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. रोज सकाळी ते ती स्वतः पुसत. काचा, दिवे, चाकांच्या तारासुद्धा. मला हात लावू देत नसत.

आता ती कडेची जागा म्हणजे नुसती कड नव्हती. रस्त्याच्या मधून टांगे, बैलगाड्या, मालाचे ट्रक जायचे, म्हणून सायकलवाल्यांसाठी चुना लावलेले दगड मांडून एक पट्टी वेगळी काढली होती. त्या पट्टीवर आधी ही मोटार, आणि पुढे रस्त्याच्या कामाची गिट्टी आणि डांबराची पिंपं. दगड पांढरे शुभ्र, आणि पट्टीत पाय ठेवायला जागा नाही. सायकलवाला मोटारीपाशी आला की त्याला मधल्या रहदारीत शिरावंच लागे. एकदा एक म्हातारा विणकर ट्रकच्या पुढ्यात आडवा झाला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचला. बाकी काही नाही, कोपर सोलवटलं. पण त्या दिवसापासून घंट्यांचा आवाज बदलला.

त्या लोंढ्यात मीही असायचो. मी राजापूरकडचा, सहावीत शाळा सुटलेला. कुणाच्या तरी ओळखीने इंदूरला आलो तो काकासाहेबांच्या दारात. त्यांनी मिलमध्ये शब्द टाकला आणि मला कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात काम मिळालं. त्यांच्याच घरी झोपायचो, काकूंच्या हातचं दोन वेळा जेवायचो. ज्या सायकलवरून मिलमध्ये जायचो तीही त्यांचीच. रात्री अंथरुणावर पडलं की मला एकच भीती वाटे: उद्या यांनी जा म्हटलं तर?

आणि मिल सुटताना शेजारी मांगीलाल. माझ्याच टेबलावर काम करायचा, आवाज खणखणीत.

"भिया, तेरे काकासाहब से बोल, इस डब्बे को अजायबघर में रखवा दें!"

"अरे, इससे क्या बोलता है? ये तो डब्बे का कुंवर है!" मागून दुसरा.

सगळे हसायचे. माझे कान तापायचे. मी जोरात पायडल मारायचो, पण जाऊन जाऊन जाणार कुठे? त्याच मोटारीपाशी मला उतरायचं असे. काकासाहेब दोन बोटं टोपीला लावत, मग मला ओळखून म्हणत, "आलास? जा, हातपाय धू. काकूने चहा ठेवलाय."

त्यांची लाज वाटायची, आणि तो चहा पिताना स्वतःची.

एकदा धीर करून बोललो. "काकासाहेब, सायकलवाल्यांना जरा अडचण होते."

"कोणाला?"

"आम्हालाच."

त्यांनी पेपरची घडी केली. "बरोबर आहे तुझं. उद्याच काढतो. जरा बॅटरीचं बघायचंय."

बॅटरीचं बघायचं होतं ते महिनोन् महिने बघायचंच राहिलं. मग एका दुपारी रस्त्याच्या कामाचा मुकादम दारात आला. माझी सुट्टी होती. आजूबाजूचे चार लोक बाहेर आले.

"साब, कल सुबह रोलर चलेगा. गिट्टी तो हम उठवा रहे हैं. गाडी आप हटवा लो, नहीं तो मेरे आदमी घसीट के ले जाएंगे."

काकासाहेब ताठ झाले. "घसीटने की क्या बात है? मैं खुद चलाके ले जाऊंगा."

सगळ्यांच्या देखत म्हणाले. मला इतका आनंद झाला की विचारू नका. उद्या पट्टी मोकळी होणार, मांगीलालचं तोंड बंद होणार. ते आत वळले तसा मी तांब्याभर पाणी घेऊन मोटारीकडे धावलो. मोटारीला पाणी लागतं एवढं मला माहीत होतं. बॉनेट उचललं.

आत इंजिन नव्हतं. शेण्या होत्या, चुलीत घालायच्या. खाली पत्रा टाकून वाळलेल्या शेण्या अशा नीट रचलेल्या, की त्यांतून एक काढायलासुद्धा भीती वाटावी.

"बंद कर ते." मागे काकू उभ्या होत्या. "घरात जागा कुठाय? पावसात भिजतात मेल्या."

"काकू, इंजिन..."

"महूला आहे. पिठाच्या चक्कीवर. चांगलं चालतंय म्हणे." त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. "तू पाहिलंस हे त्यांना कळू देऊ नकोस. बायकोला ठाऊक आहे तेवढं पुरे."

सकाळी काकासाहेब लांब कोट घालून, बुटांना पॉलिश करून मोटारीत बसले. रोलर लांबवर धूर सोडत उभा होता. कामावर निघालेले सायकलवाले पाहायला थांबले. पुढे मांगीलाल. काकासाहेबांनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांच्या मानेवरून घाम उतरताना मला मागून दिसत होता.

"बॅटरी उतर गई," ते म्हणाले.

"देखें जरा," म्हणत मुकादमाने बॉनेटला हात घातला.

आणि मी ओरडलो, "मत खोलो! गरम है!"

मग जो हशा उठला! सुरूच न झालेली मोटार गरम! "अरे, कुंवर का दिमाग गरम हो गया!" मुकादम पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्याचा हात सुटला. पण पुन्हा जाणारच होता. मी पुढे धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही हात पसरून उभा राहिलो, मूर्खासारखा, आणि समोर मांगीलालकडे पाहत राहिलो. काय पाहिलं त्याने माझ्या तोंडावर, कोण जाणे. त्याचं हसू बंद झालं.

"बस हो गया," तो म्हणाला. सायकल त्याने कडेला आडवी टाकली. "रोलर खडा है, मिल का टाइम हो रहा है. धक्का मारो सब. सरकार, आप स्टिअरिंग संभालो."

ज्यांनी रोज शिव्या दिल्या ते सगळे सायकली टाकून मोटारीला लागले. ती पहिल्याच धक्क्याला सुर्रकन निघाली.

"बडी हल्की है रे," कोणीतरी म्हणालं.

"अच्छी गाडी हल्की ही होती है," मांगीलाल मोठ्याने बोलला.

दगडावरून चाक गेलं तशी मोटार उसळली आणि खालून एक शेणी पडली. मांगीलालने तिच्यावर पाय ठेवला. सगळे पुढे जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला, जणू दम लागलाय.

वळणाशी काकासाहेबांनी खिडकीतून उजवा हात सरळ बाहेर काढला. मागे एकही वाहन नव्हतं, नुसती ढकलणारी माणसं. तरी ते हात दाखवून वळले आणि पिंपळाखालच्या मोकळ्या जागेत त्यांनी मोटार उभी केली.

त्यानंतर ते मोटारीत कधी बसले नाहीत. पुसायलाही गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले, तेव्हा मी मिलच्या चाळीत राहायला गेलो होतो. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाच्या रात्रीचं.

आम्ही जेवायला बसलो होतो. काकू वाढत होत्या. ताटाकडे पाहतच काकासाहेब म्हणाले, "गरम कशी असेल रे? सुरूच झाली नव्हती."

काकू तव्याकडे वळल्या.

जेवण झालं. मी मोरीपाशी गेलो आणि तांब्या शोधायला लागलो. तांब्या त्यांच्या हातात होता. ज्यांच्या हातावर मोटारखान्यातले शिपाई पाणी घालत, ते वाकून उभे होते.

"हात पुढे कर," ते म्हणाले.

"काकासाहेब, तुम्ही नका..."

"कर म्हणतो ना."

मी हात पुढे केले. ते बारीक धारेने पाणी घालत राहिले. पाणी संपलं तरी मला मान वर करता आली नाही, आणि मला वाटतं, त्यांनीही केली नव्हती.