शारदामावशींचा भुंगेरा

आमच्या लॅबमध्ये किड्यांपेक्षा किस्से जास्त साठलेत. किड्यांना निदान टाचणी टोचून, गावाचं लेबल लावून पेटीत ठेवता येतं. किस्से नुसतेच डोक्यात वळवळतात आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा, माझा मलाच मेळ लागत नाही. गुंजवण्याच्या भुंगेऱ्याचे तेवढे ओळीने आठवतात.

*

गुंजवण्याला सर आणि मी शारदामावशींच्या पडवीत उतरायचो. त्यांच्या भातखाचराच्या बांधावर सरांना एक काळा, बारका भुंगेरा सापडला आणि लगेच एक तपकिरी, टपोरा. दोन्ही नव्या जाती! सर हरखले. दोन वर्षं आम्ही दोन पेट्या आणि दोन फायली चालवल्या.

एकदा मावशींनी त्या पेट्या बघितल्या. "नवराबायकू हायती ती," त्या म्हणाल्या. "बांधावर रोज संगट दिसत्यात. तुमी येगळं कशापायी ठिवलं?"

पुण्याला आल्यावर सरांनी तपासलं. मावशींचं बरोबर निघालं. दोन फायलींची एक फाईल अर्थातच मी केली.

*

भुंगेऱ्याची जात नुसत्या रंगावरून ठरत नाही. नराचं जननेंद्रिय काढून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. गुंजवण्याच्या वाटेवरच्या विंझर गावच्या दुकानदाराने एकदा विचारलं, दिवसभर नक्की काय काम करता? मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून तो सामान देतो, पण माझ्याकडे बघत नाही.

*

सरांनी त्या भुंगेऱ्याला मावशींचं नाव द्यायचं ठरवलं, मागे लॅटिन शेपूट लावून. आमच्यात हा मोठा मान! मावशी मात्र बुचकळ्यात पडल्या.

"त्यो माजं भात खातोय. आता त्याच्यावर औषद मारायचं का न्हाई?"

मावशींनी त्या साली ते एक खाचर फवारलंच नाही.

पण भुंगेऱ्याचा मोबाईलवरचा फोटो त्या पार पाली गावापर्यंत दाखवून आल्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर, घर दिराच्या नावावर. "माजं नाव कशाला तरी लागलं बगा," असं म्हणायच्या.

*

मग घोळ झाला. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या संग्रहात आमचाच भुंगेरा निघाला, कुणीतरी फार पूर्वीच नाव देऊन ठेवलेला. आमच्या शास्त्रात पहिलं नाव टिकतं, नंतरचं बाद. मावशींना हे सांगायचं कोणी? सरांना नेमकी त्याच दिवशी मीटिंग आली.

मी गेलो. मावशी ताटात तांदूळ निवडत होत्या. मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझंच मला कळलं नाही. फार वाईट वाटत होतं.

एक खडा बाजूला टाकून त्यांनी विचारलं, "म्हंजे पयलं ठिवलेलं नाव खरं? मागनं कुणीबी दुसरं ठिवलं तरी ते रद्द?"

"हो मावशी. जगभर हाच नियम आहे."

"लिवलेला हाय?"

"हो, पुस्तकच आहे त्याचं."

त्यांनी तांदळावरून सावकाश हात फिरवला. "लग्नात सासरच्यांनी अशाच ताटात शारदा लिवलं. मला कुणी इचारलं न्हाई."

मग त्यांनी अंगणात बसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अवो, आयकलं का? शारदा रद्द झाली. मी हिरा."