आईने शिवलेला फ्रॉक

कोऱ्या कापडाचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. कसबा पेठेतल्या एका संस्थेने आम्हा खेड्यातल्या मुलींना वह्या-पुस्तकं द्यायला बोलावलं होतं. आईने त्यासाठी नवा फ्रॉक शिवला आणि एसटीत मळू नये म्हणून पुण्यात उतरल्यावरच मला घातला.

दारातच संस्थेच्या बाई आईला म्हणाल्या, "अहो, अशी नटवून आणलीत, तर देणगीदारांना ही गरजू वाटेल का? जुना असेल ना पिशवीत?"

आईने जिन्याखाली माझा फ्रॉक बदलला. तेव्हा मी चिडले तीही तिच्यावरच, नवा शिवलाच कशाला म्हणून.

काल त्याच संस्थेचा फोन आला. यंदा प्रमुख पाहुणी मी. "मॅडम, जरा भारी साडी नेसा, फोटो काढायचेत."

"पिशवीत जुनी आहे," मी म्हटलं. "गरजू वाटायला तीच बरी."